रूढीला निसाब नसतो

रमजानचा शेवटचा अशरा लागला की आमच्या कोल्हापुरात मुसलमानांच्या घरोघरी दोन हिशेब मांडले जातात. एक जकात आणि फित्र्याचा, दुसरा ईदच्या खरेदीचा. पहिला हिशेब मौलानांना विचारून होतो. सोने किती, चांदी किती, वर्ष पुरे झाले की नाही, देणे किती वजा करायचे, हे सारे बारकाईने पाहिले जाते. दुसरा हिशेब महाद्वार रोडवर, राजारामपुरीत आणि लक्ष्मीपुरीत होतो. तो करताना 'लोक काय म्हणतील' याखेरीज दुसरा सल्ला घेतला जात नाही. एकाच महिन्यात, एकाच माणसाच्या हातून होणाऱ्या या दोन हिशेबांत एवढे अंतर का पडावे, हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

इस्लामने खर्चाच्या या जबाबदाऱ्या टाकताना ऐपतीची अट घातली आहे. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी, एवढ्या मालमत्तेचा निसाब पुरा झाला आणि त्यावर चांद्रवर्ष उलटले, तरच जकात. तीही चाळिसावा हिस्सा. ज्याला प्रवास आणि मागे राहिलेल्या घराचा खर्च झेपतो, त्याच्यावरच हज फर्ज. हनफी मताप्रमाणे कुर्बानी आणि फित्राही निसाब असणाऱ्यावरच वाजिब. ज्याच्यापाशी नाही, त्याच्यावर बोट ठेवण्याचा अधिकार कोणालाच दिलेला नाही. उलट त्याच्या घरी ईद व्हावी म्हणूनच फित्रा ईदच्या नमाजाआधी पोहोचवायला सांगितले आहे. म्हणजे ईदच्या खर्चाच्या यादीत पहिली ओळ स्वतःच्या कपड्यांची नाही, ती दुसऱ्याच्या चुलीची आहे.

रूढीचे तसे नाही. रूढीला निसाब नसतो. मुलीचे लग्न झाले की पहिल्या ईदला तिच्या सासरी 'ईदी' पाठवायची चाल आमच्या अनेक घरांत आहे. मुलीचा जोड, जावयाचे कपडे, सासू-सासरे आणि दीर-नणंदांचे कपडे, शेवया, खारीक, चारोळी, बदाम-पिस्ते, मिठाई. अलीकडे त्यात घड्याळ किंवा मोबाइलही आला. बाप बंगलेवाला असो की शिरोलीच्या फौंड्रीत रोजावर जाणारा, यादी तीच. भाजीची गाडी लावणारा बागवान, पानपट्टीवर बसणारा तांबोळी, गॅरेजमधला मिस्त्री, कोणाचीही सुटका नाही. एकदा पाठवली की पुढच्या वर्षी वाट पाहिली जाते. थोरलीला जे दिले ते धाकटीला द्यावेच लागते.

त्यात आमचे पंचांगही खिशाशी जुळणारे नाही. १९६५ च्या बोनस कायद्याने बोनस वाटायला हिशेबाचे वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांची मुदत घातली होती. मार्चअखेर वर्ष संपते, आठ महिने नोव्हेंबरअखेर भरतात, त्यामुळे दिवाळीला बोनस देण्याची रीत या मुदतीत सहज बसली. ईद मात्र दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते. २००४ आणि २००५ साली ईद आणि दिवाळी काही दिवसांच्या अंतराने आल्या, तेव्हा कामगाराला एकाच पैशात दोन्ही बाजू सांभाळता आल्या. २०२४ ची ईद ११ एप्रिलला आली, २०२५ ची ३१ मार्चला. बोनस केव्हाच संपलेला, आणि पुढे जूनमध्ये शाळेची फी, वह्या-पुस्तके उभी. अशा वेळी ईदी येते कुठून? भिशी उचलून, बचत गटातून, उधारीवर, नाही तर सोने तारण ठेवून. ज्या व्याजाला आम्ही हराम म्हणतो, ते व्याज भरून मुबारक दिवसाची भेट पाठवली जाते.

येथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. कुरआनच्या सूरह तौबामध्ये जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. त्यांत कर्जात बुडालेला माणूसही आहे. म्हणजे जो बाप कर्ज काढून व्याह्याच्या घरी ईदी पाठवतो, तो शरीयतच्या हिशेबाने स्वतःच जकात घेण्यास पात्र ठरू शकतो. आणि ज्याच्या घरी ती ईदी पोहोचते, तो कदाचित जकात देणारा असतो. जकात श्रीमंताकडून गरिबाकडे जाते. ही ईदी उलट दिशेने वाहते. शिवाय त्याच लग्नातला मेहर पुष्कळदा उधार लिहिलेला असतो. जे नवऱ्याने मुलीला देणे लागते ते वर्षानुवर्षे थकते, आणि जे मुलीच्या बापाने कोणालाच देणे लागत नाही ते चांद दिसण्याआधी वसूल होते.

यावर लोक म्हणतात, हदिया दिल्याने प्रेम वाढते अशी शिकवणच आहे. खरे आहे. पण ज्या वस्तूच्या न देण्याने मुलीला टोमणे ऐकावे लागतात, तिला हदिया म्हणता येईल का? भेट तीच, जी न दिल्याने काही बिघडत नाही. बिघडत असेल तर तो कर आहे, मग त्यावर कितीही झगमगता कागद गुंडाळा.

आमचे म्हणणे ईद सुकी करावी असे मुळीच नाही. कुरआनने उधळपट्टी करणाऱ्याला फटकारले, तसेच हात आखडणाऱ्यालाही. ईदच्या दिवशी रोजा ठेवण्यास मनाई आहे. आनंदापासून दूर राहण्याची त्या दिवशी परवानगीच नाही. लेकरांना नवे कपडे हवेत, शिरखुर्मा हवा. आमच्या गल्लीतून शेजारच्या मराठा, जैन, लिंगायत घरी शिरखुर्मा जातो आणि दिवाळीत त्या घरांतून फराळाचे ताट येते. या देण्याघेण्याची वही कोणी ठेवली आहे? शेवया कमी पडल्या म्हणून कोणाच्या मुलीला सुनावले गेले आहे? भेट कशी असते, हे आम्हाला ठाऊक आहेच. ते फक्त सोयरिकीत विसरले जाते.

प्रेमचंदांची १९३३ मधली 'ईदगाह' ही कथा सर्वांना ठाऊक आहे. तीन पैशांत दादीसाठी चिमटा आणणाऱ्या हामिदचे कौतुक आम्ही पिढ्यानपिढ्या करतो. पण हामिदला तीन पैसे देणाऱ्या अमीनाचा हिशेब फारसा कोणी सांगत नाही. शिवणकामाचे आठ आणे मिळाले होते, गवळणीचे देणे भागवल्यावर दोन आणे, म्हणजे आठ पैसे उरले. तीन पोराच्या खिशात, पाच तिच्या बटव्यात. आधी देणे फेडले, मग लेकराला दिले, उरले त्यात सण. पैसे कमी होते, क्रम चुकला नव्हता. आमच्या घरांत पैसे तिच्याहून पुष्कळ जास्त आहेत. क्रम मात्र उलटा आहे. आणि या उलट्या क्रमात कात्री लागते ती बहुधा दोन ठिकाणी: धाकट्या मुलाच्या शिक्षणाला आणि घरातल्या आईच्या कपड्यांना.

मग ही चाल थांबवायची कोणी? आजवर प्रबोधनाचा सारा रोख मुलीच्या बापावर राहिला. 'देऊ नका' असे त्याला सांगणे सोपे आहे. पण त्याची मुलगी त्या घरात नांदते. न देण्याची किंमत तो मोजत नाही, ती मोजते. म्हणून त्याला धैर्याचा उपदेश करणे आम्हाला न्यायाचे वाटत नाही. ज्याला 'नको' म्हटल्याने काहीच गमवावे लागत नाही, त्यानेच 'नको' म्हटले पाहिजे. तो मुलाचा बाप आहे, मुलाची आई आहे, आणि स्वतः जावई आहे. तेही ईदी दारात आल्यावर नको. तेव्हा कर्ज काढून झालेले असते. सोयरीक ठरतानाच, चार माणसांत, मेहरसोबत हेही बोलले जावे.

१९०६ साली राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग सुरू झाले. परतफेड करू न शकणाऱ्या पोरांना, ऐपत असलेल्या राजाने दिलेली ती भेट होती, आणि तिचा लाभ शंभरहून अधिक वर्षे होत आहे. त्याच बोर्डिंगच्या मैदानावर ईदची नमाज होते आणि व्याही व्याह्याला गळामिठी देतो. त्या वेळी त्याने एवढेच म्हणावे, "भाईसाहेब, पुढच्या ईदला काही पाठवू नका. त्या पैशांत धाकट्याची फी भरा." याहून मोठी ईदी आज कोणी कोणाला देऊ शकेल, असे आम्हाला वाटत नाही.