अंतरावरचे मरण

मोठ्या जनावराच्या लांब पल्ल्याच्या शिकारीसाठी रायफलीत कोणती गोळी घालावी, हा प्रश्न धर्मग्रामातील कुटुंबांनी वाचावयाच्या नियतकालिकात शोभतो काय, असे कोणी आम्हांस विचारील. सातारा आणि सांगली या आपल्या जिल्ह्यांत तर तो अधिकच परका वाटेल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा षोक आपल्या देशात संपुष्टात आणला. कोयना आणि चांदोली ही राने एकत्र होऊन २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. ज्या डोंगरांत पूर्वी हाकारे उठत आणि मचाणे बांधली जात, तेथे आता वनखात्याचे कॅमेरे झाडांना बांधलेले असतात. असे असूनही या प्रश्नाकडे थोडे थांबून पाहावे, असे आम्हांस वाटते. वरकरणी तो शिकाऱ्याच्या सामानाचा आहे, परंतु त्याच्या तळाशी एक जुना नैतिक प्रश्न दडलेला आहे. ज्याला आपण मरण देतो त्याच्यापासून किती दूर उभे राहण्याचा आपल्याला अधिकार आहे?

आरंभ एका विसंगतीपासून करू. गेल्या शतकाच्या आधीच्या दशकात कलकत्त्याजवळच्या डमडम येथील सरकारी कारखान्यात एक गोळी तयार झाली. तिचे टोक उघडे, मऊ शिशाचे होते. शरीरात शिरताच ती फुलासारखी उमले आणि भयंकर जखम करी. वायव्य सरहद्दीवरच्या लढायांत इंग्रजांनी ती वापरली आणि 'डमडम' हे नाव जगभर झाले. १८९९ साली हेग येथे जमलेल्या राष्ट्रांनी अशी उमलणारी गोळी युद्धात वापरू नये असा जाहीरनामा काढला. सैनिकाला लढाईतून बाजूला काढणे पुरेसे आहे, त्याचे हाल वाढविणे माणुसकीला धरून नाही, हा त्यामागचा विचार होता.

आता शिकारीचा कायदा पाहा. जेथे शिकारीला परवानगी आहे अशा अनेक देशांत मोठ्या जनावरावर पूर्ण कवचाची, न उमलणारी गोळी झाडण्यास मनाई आहे. तेथे उमलणारीच गोळी हवी, आणि तीही दयेच्याच पोटी. कवचाची गोळी सांबराच्या अंगातून सुईसारखी आरपार जाते, जनावर पळते, आणि दोन दिवसांनी कुठल्याशा ओघळीत तडफडून मरते. उमललेली गोळी त्याला जागच्या जागी संपविते. एकच गोळी माणसाच्या बाबतीत क्रूर ठरली आणि पशूच्या बाबतीत दयाळू. म्हणजे क्रौर्य किंवा करुणा धातूच्या त्या तुकड्यात नसते. मारणाऱ्याने कोणता हेतू धरला आहे आणि समोरच्या देहाचे पुढे काय होणार याचा विचार त्याने किती केला आहे, यावर ती ठरते. सैनिकाने माणूस वाचण्याची शक्यता राखावी, शिकाऱ्याने जनावर अर्धमेले राहण्याची शक्यता उरू देऊ नये, अशी ही दोन कर्तव्ये आहेत.

येथवर विचार सोपा आहे. अंतर वाढले की तो अवघड होतो. मोठ्या शिकारीच्या रायफलीची गोळी सामान्यतः सेकंदाला आठशे ते नऊशे मीटर वेगाने नळीबाहेर पडते. सहाशे मीटरवरच्या सावजापर्यंत पोचण्यास तिला जवळजवळ एक सेकंद लागतो. तेवढ्या अवधीत ती नळीच्या रेषेपासून चार मीटरहून अधिक खाली येते. ताशी पंधरा किलोमीटरचा आडवा वारा तिला मीटरभर बाजूला ढकलतो, आणि सांबराचे हृदय व फुप्फुसे ज्या जागेत असतात ती जागा तर वीत-सव्वा वीत रुंदीची. शिवाय एका सेकंदात जनावर एक पाऊल पुढे टाकू शकते. ते पाऊल पडले की फऱ्यामागे धरलेला नेम पोटात लागतो. त्याला कोणतीही दुर्बीण किंवा कोणतेही गणित उपाय करू शकत नाही.

गोळीची निवड येथेच कठीण होते. दूर जाणारी गोळी लांबट, निमुळती आणि वारा कापणारी हवी. पण एवढ्या अंतरावर तिचा वेग निम्म्याच्या जवळपास आलेला असतो, आणि वेग निम्मा झाला की मारा चौथाईवर येतो. पुष्कळशा उमलणाऱ्या गोळ्यांना उमलण्यासाठीच सेकंदाला साडेपाचशे मीटरच्या आसपास वेग लागतो. तो नसेल तर उमलणारी गोळीही सुईसारखी आरपार जाते. दूरवर, मंद वेगातही उमलावी म्हणून तिचे कवच पातळ केले, तर तीच गोळी जवळच्या सावजाच्या हाडावर फुटून तिचा चुरा होतो. जाड कवचाची किंवा निव्वळ तांब्याची गोळी जवळ उत्तम काम करते, दूरवर मात्र मिटून राहण्याचा संभव असतो. लक्ष्यभेदाच्या स्पर्धेसाठी केलेल्या गोळ्या कागदावर अचूक बसतात, पण त्यांची घडण कागदासाठी झालेली असते. सारांश, प्रत्येक अंतराला निर्दोष ठरेल अशी गोळी नाही. दुकानात गोळी निवडणारा माणूस त्याच क्षणी आपण किती दूरवरून बार काढणार हे ठरवीत असतो, आणि पुढे येणाऱ्या जनावराच्या वाट्याला कोणते मरण यावे हेही.

आमच्या मते सदसद्विवेकाचे खरे काम येथे होते. घोड्यावर बोट असताना माणूस विचार करीत नाही. त्या क्षणी त्याच्या हातून घडते ते आधी केलेल्या विचाराचे किंवा अविचाराचे फळ असते. नीतीचा निर्णय मोहाच्या घडीला होतो अशी आपली समजूत असते, पण तो पुष्कळदा घरी, शांतपणे, तयारी करीत असतानाच होऊन गेलेला असतो. जर्मनीच्या शिकार कायद्याने ही तयारी आकड्यांत बांधली आहे. लहान जातीच्या हरणासाठी शंभर मीटरवर गोळीत निदान एक हजार जूल, आणि मोठ्या हरणासाठी वा रानडुकरासाठी दोन हजार जूल ऊर्जा उरली पाहिजे. अमेरिकेत थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये स्थापन केलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबाने आणखी पुढचा मुद्दा मांडला आहे. जनावराला आपल्या डोळ्यांनी, कानांनी, नाकाने धोका ओळखताच येणार नाही इतक्या दूरवरून केवळ आपले सामान आजमावण्यासाठी झाडलेली गोळी, हा क्लब न्याय्य शिकार मानीत नाही. शिकाऱ्यांनीच शिकाऱ्यांना घातलेली ही मर्यादा आहे, म्हणून तिचे मोल अधिक.

मर्यादा सुटली म्हणजे काय होते, हे आपल्या देशाने पाहिले आहे. जिम कॉर्बेट यांनी कुमाऊँच्या नरभक्षक वाघांविषयी लिहिताना दाखवून दिले आहे की, यांपैकी कित्येक जनावरे जखमांमुळे माणसाकडे वळली होती. १९०७ साली त्यांनी मारलेल्या चंपावतच्या वाघिणीने चारशेहून अधिक माणसे मारली होती असे त्यांनी नोंदविले आहे. कुणाच्या तरी बंदुकीच्या जुन्या गोळीने तिचे सुळे मोडलेले होते, तिला आपली नेहमीची शिकार करवेना. तो बार काढणारा माणूस केव्हाच घरी गेला असेल. त्याच्या एका अर्धवट गोळीचे मोल परक्या गावातल्या, गवत कापणाऱ्या बायाबापड्यांनी भरले. पापाचे परिणाम पाप करणाऱ्यापाशी थांबत नाहीत, ही ख्रिस्तसभेची शिकवण याहून स्पष्ट रूपात क्वचितच दिसेल.

पवित्र शास्त्र या विषयात भाबडे नाही. उत्पत्तीच्या आरंभी मनुष्याला आहार म्हणून वनस्पती दिलेल्या दिसतात, आणि मांसाची मुभा जलप्रलयानंतर नोहाच्या काळी मिळते, तीही रक्ताविषयी सक्त ताकीद देऊन. जणू ही मुभा जखमी झालेल्या जगासाठी आहे. अनुवादाच्या ग्रंथात घरट्यातल्या पाखराबद्दल एक छोटी आज्ञा आहे: पिलांसह आईलाही पकडू नये, तिला सोडून द्यावे. घेण्याची मोकळीक आहे, पण सर्वस्व घेण्याची नाही. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने धर्मगुरूंना शिकार वर्ज्य केली. ज्या हातांनी वेदीवर अर्पण करायचे, त्या हातांना रक्ताचा खेळ शोभत नाही. आजची कॅथलिक धर्मशिकवण अन्नवस्त्रासाठी पशूंचा उपयोग मान्य करते, आणि त्याचबरोबर त्यांना विनाकारण यातना देणे वा मारणे हे मानवी प्रतिष्ठेलाच बाधक आहे असे सांगते. 'मानवी प्रतिष्ठेला' हा शब्द लक्षात घ्यावा. हाल पशूचे होतात, उणेपणा मात्र माणसाला येतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात हाच धागा पुढे नेला आणि सृष्टीवरील आपला अधिकार मालकाचा नसून राखणदाराचा आहे याची आठवण दिली.

शिकाऱ्यांचे आश्रयदाते संत ह्युबर्ट यांची आख्यायिका आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. आठव्या शतकातले हे बिशप तरुणपणी शिकारीत इतके बुडाले होते की, उत्तम शुक्रवारीही ते रानात गेले. एका काळविटासारख्या दिमाखदार सांबराच्या मागे धावता धावता त्यांना त्याच्या शिंगांमध्ये क्रूस दिसला आणि आपल्याशी कोणी बोलत असल्याचे ऐकू आले. त्यांनी गुडघे टेकले. आख्यायिकेचा इतिहास शोधण्याचे कारण नाही, तिचा अर्थ पुरेसा आहे. ह्युबर्ट सावजाच्या अगदी समीप आले होते. सहाशे मीटरवरून दुर्बिणीत त्यांना कदाचित क्रूस दिसला असता, पण शब्द ऐकू आला नसता.

समीप जाण्याने माणूस कसा बदलतो याचे उदाहरण आपल्या सांगली जिल्ह्यातच आहे. आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर बंदूक घेऊन रान तुडविलेले लेखक होते. पुढे तेच वही आणि दुर्बीण घेऊन नागझिऱ्याच्या अरण्यात जाऊन बसले, आणि वानरांच्या टोळ्यांवर त्यांनी 'सत्तांतर' लिहिली, जिला १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांचे डोळे शिकाऱ्याचेच राहिले. ज्याने माग काढायला शिकून घेतले, त्याला त्या मागाच्या टोकाशी असलेला जीव अधिक स्पष्ट दिसू लागला.

परंतु येथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. पाटण, जावळी किंवा शिराळा तालुक्यातला शेतकरी म्हणेल, ही चर्चा पोट भरलेल्यांची आहे. एका रात्रीत रानडुकरांचा कळप भुईमूग उकरून टाकतो, गवे उभा शाळू तुडवितात, उसात बिबट्याची मादी पिले घालते आणि खुरप्याला जाणाऱ्या बाईच्या जिवाला घोर लागतो. सागरेश्वरच्या उजाड डोंगरावर धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून अभयारण्य उभे राहिले, ही अभिमानाची गोष्ट. पण कुंपणाबाहेर आलेल्या हरणांनी ज्याचे पीक खाल्ले, त्याला त्या अभिमानाची किंमत एकट्याने भरावी लागते. हे सर्व खरे आहे. राखणदाराचा धर्म सर्वांनी सांगायचा आणि राखणीचा खर्च कोरडवाहू शेतकऱ्याने सोसायचा, हा न्याय नव्हे. पंचनामा वेळेवर व्हावा, भरपाई नुकसानीच्या मानाने मिळावी आणि जेथे जनावर जिवावरच उठले असेल तेथे कायद्यातील परवानगीचा निर्णय लांबू नये, यासाठी आवाज उठविणे हेही ख्रिस्ती कर्तव्यच आहे.

तरीही त्या शेतकरी बंधूला एक गोष्ट नम्रपणे विचारावी लागेल. बांधावर सोडलेली विजेची उघडी तार, वाटेवर लावलेला क्लच वायरचा फासा, पिठाच्या गोळ्यात दडविलेला गावठी बॉम्ब, यांचा पल्ला किती? लांबात लांब रायफलीहून तो अधिक आहे. तेथे मारणारा हजरच नसतो. तो घरी झोपलेला असतो, आणि तार डुक्कर, बिबट्या, शेजाऱ्याची गाय किंवा पहाटे पाणी पाजायला निघालेला माणूस यांत भेद करीत नाही. फाशात कंबर अडकलेला बिबट्या तासन्‌तास ओढ घेत राहतो. गावठी बॉम्बने जबडा फुटलेले डुक्कर चरू शकत नाही आणि मरतही नाही. शिकाऱ्याला निदान गोळी निवडावी लागते, नेम धरावा लागतो, रक्ताचा माग काढून आपल्या हातून काय झाले ते पाहावे लागते. फासा लावणाऱ्याने हे सर्व विकून टाकलेले असते.

यावरून आम्हांस एक साधी कसोटी सुचते. ज्या जिवाला मारणे टाळता येतच नाही, त्याला मारणाऱ्याने इतके समीप असावे की, आपण कोणाला मारतो आहोत हे त्याला दिसेल, बार चुकला तर तो निस्तरता येईल, आणि जखमेमागे जाणे त्याला भाग पडेल. साधन त्यानुसार निवडावे, आणि जे साधन ही तीन बंधने पाळू देत नाही ते कितीही स्वस्त वा अचूक असले तरी खाली ठेवावे. ही कसोटी बंदुकीपुरती राहत नाही. कार्यालयात बसून एका सहीने कोणाची रोजी तोडणारा, न पाहिलेल्या माणसाविषयी चारचौघांत कुजबुज सोडून देणारा, आई-वडिलांना दूरच्या गावी पैसे पाठवून हिशेब पुरा झाला असे मानणारा, हे सारे लांब पल्ल्याचेच नेमबाज आहेत. आपले शब्द आणि आपली उदासीनता किती दूरवर जाऊन कोणत्या देहात उमलते, हे आपण पाहायला जात नाही.

चिमणीचे जमिनीवर पडणेही स्वर्गीय पित्याच्या नजरेबाहेर होत नाही, असे प्रभू येशूने सांगितले. पित्याला काहीच दूर नाही. त्याची लेकरे म्हणविणाऱ्या आपल्याला निदान एवढे करता येईल की, आपण जे पाडले त्याच्यापर्यंत पायी चालत जावे.