वाटेचे मोल

ज्या धर्मपरंपरेने दारी आलेल्या अनोळखी माणसाला देवाच्या जागी बसविले, त्याचे नावगोत्र विचारण्यापूर्वी त्याला अन्न वाढावे असे गृहस्थाला बजावले आणि तो विन्मुख परतला तर यजमानाचे पुण्यही त्याच्याबरोबर निघून जाते असे भय घातले, त्या परंपरेत वाढलेल्या माणसाने परदेशातून येणाऱ्या प्रवाशाच्या मुक्कामाची, वाहनाची आणि तीर्थदर्शनाची तजवीज ठरावीक रक्कम घेऊन करावी की नाही, हा प्रश्न वरवर पाहता व्यवहाराचा वाटतो. पण थोडे खोल गेले म्हणजे तो धर्मजिज्ञासेचाच प्रश्न आहे असे ध्यानात येते. आमच्या नात्यातील एक मुलगी छत्रपती संभाजीनगरात असा उद्योग सुरू करीत आहे. एकेका परदेशी प्रवाशाचे वय, प्रकृती, आवड आणि श्रद्धा समजून घेऊन त्याच्यापुरताच प्रवास आखून द्यावयाचा, अशी तिची योजना आहे. भांडवल, परवाने आणि कर यांविषयी तिने जाणकारांचा सल्ला घेतला. मला मात्र तिने एवढेच विचारले, की पाहुणचाराचे पैसे घेण्यात पाप तर नाही ना. तिच्या प्रश्नाला सरळ उत्तर देणे मला अगत्याचे वाटते.

प्रथम हे मान्य केले पाहिजे, की शास्त्राच्या दृष्टीने आतिथ्य हे विकण्याजोगे नाहीच. कठोपनिषदात नचिकेता यमाच्या घरी तीन रात्री अन्नावाचून राहिला, तेव्हा साक्षात मृत्यूला त्या ब्राह्मणकुमारापुढे नम्र होऊन, प्रत्येक रात्रीबद्दल एक याप्रमाणे, तीन वर द्यावे लागले. आतिथ्यात चुकलेल्या यमाला ऋण फेडावे लागले. आतिथ्य करणाऱ्याला मोबदला मिळावा, असा विचार त्या कथेत कोठेही नाही. परंतु स्मृतिकारांच्या मनातील अतिथी आणि विमानाने मुंबईस उतरणारा आजचा प्रवासी यांची जात निराळी आहे. तो न बोलावता येई, एक रात्र राही आणि निघून जाई. हा आधी पत्रव्यवहार करतो, खर्चाचा अंदाज मागतो, अर्धी रक्कम आगाऊ भरतो. आणि तो जेथे उतरेल तेथील यजमानाला त्याचे नाव, राष्ट्र आणि पासपोर्टचा तपशील चोवीस तासांच्या आत सरकारदरबारी कळवावा लागतो. जेथे संबंधाचा आरंभच नावगाव विचारण्याने होतो, तेथे त्या संबंधाला करार म्हणणे हेच सत्याला धरून आहे. त्याला ग्राहक म्हटल्याने त्याचा अवमान होत नाही. देव म्हणून ओवाळावे आणि मागाहून हिशेबाचा कागद पुढे करावा, यात मात्र होतो.

मग करारात धर्म राहत नाही काय? याचे उत्तर महाभारताने शांतिपर्वात देऊन ठेवले आहे. जाजली नावाचा तपस्वी इतका निश्चल उभा राहिला, की पक्ष्यांनी त्याच्या जटांत घरटे केले. आणि आपल्यासारखा धर्मज्ञ दुसरा नाही असा त्याला गर्व झाला, तेव्हा त्याला वाराणसीच्या तुलाधार नावाच्या वाण्याकडे जावे लागले. तुलाधार दुकानात बसून माल विकीत होता. लाकूड, सुगंधी द्रव्ये, नाना प्रकारचे रस तो विकी. मद्य मात्र विकीत नसे. दुसऱ्याकडून घेतलेला जिन्नस कपटावाचून विकावा आणि तराजू सर्वांसाठी सारखा ठेवावा, एवढेच त्याचे तप होते, आणि व्यासांनी ते जाजलीच्या तपाहून वरचे ठरविले. ही कथा मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा माझे लक्ष त्या न विकलेल्या जिनसेकडे जाते. तुलाधाराचा धर्म जितका त्याच्या तराजूत आहे, तितकाच त्या वगळण्यातही आहे.

प्रवास आखून देण्याचा धंदा आपल्याकडे नवा आहे, हा समजही बरोबर नाही. काशी, प्रयाग, गया, नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील क्षेत्रोपाध्ये पिढ्यान्‌पिढ्या हेच करीत आले. यात्रेकरू आपले गाव आणि कुळ सांगे. उपाध्ये आपल्या वह्यांच्या चळतीतून नेमकी वही काढून त्याच्या आज्या-पणज्याची नोंद त्याला दाखवीत, आपल्या वाड्यात उतरण्याची सोय करीत, कोणता विधी कोठे आणि केव्हा करावा हे सांगत आणि निरोप देताना दक्षिणा घेत. परमुलखात आपल्या पणजोबांची सही पाहून कित्येकांचे डोळे भरून आले असतील. या व्यवस्थेत द्रव्य होते, पण जोवर ते दक्षिणा होते तोवर तिला कोणी नावे ठेवली नाहीत. सेवेचे वतन झाले, हक्क आणि उत्पन्न यांचे तंटे दरबारापर्यंत गेले, यात्रेकरूला दाराशीच अडवून रक्कम ठरविली जाऊ लागली, तेव्हा ती लोकांच्या मनातून उतरली. पंढरपुरात तर वंशपरंपरागत हक्क रद्द करण्यासाठी 1973 साली कायदाच करावा लागला.

आता या उद्योगाच्या ज्या अंगाविषयी मला खरोखर आस्था वाटते, त्याकडे वळतो. एकेकाला त्याच्यापुरती वाट आखून देणे, ही कल्पना आपल्या तत्त्वविचाराला परकी नाही. अधिकारभेदाचा सिद्धांत हाच आहे. सत्य एक असले तरी साधकाचा पिंड पाहून त्याला मार्ग सांगावा, असे आपले आचार्य मानीत आले. अजिंठ्याचेच उदाहरण घ्या. एखादी श्रीलंकेची वृद्ध उपासिका आणि एखादा फ्रेंच चित्रकार एकाच दिवशी तेथे आले, तर दोघांना पहिल्या लेण्यापासून क्रमाने हिंडविणे म्हणजे दोघांवरही अन्याय आहे. चित्रकाराला पहिल्या लेण्यातील पद्मपाणीसमोर, डोळे अंधाराला सरावेपर्यंत, स्वस्थ उभे राहू दिले पाहिजे. उपासिकेचे खरे स्थान सव्विसावे लेणे. तेथे भिंतीलगत सुमारे सात मीटर लांबीची तथागताची महापरिनिर्वाणमूर्ती उजव्या कुशीवर पहुडलेली आहे, आणि खाली शोकाकुल शिष्यांची रांग आहे. परंतु हे लेणे वाघूर नदीच्या वळणाच्या पार पलीकडच्या टोकाला. बाईंचे गुडघे पायऱ्यांना दाद देत नाहीत. म्हणून चार माणसे खांद्यावर वाहून नेतात त्या डोलीची मजुरी आधी ठरवून ठेवावी. सोमवारी लेणी बंद असतात म्हणून वार जुळवावा. फर्दापूरच्या फाट्यावर आपली गाडी सोडून बसने जावे लागते हे आधी सांगावे. आणि मूर्तीपाशी पोहोचल्यावर माहिती सांगणाऱ्याने मागे सरून गप्प राहावे. ही तरतूद ज्याने मन लावून केली, त्याने आपल्या श्रमाचे पुरेपूर पैसे घ्यावेत. पोट भरण्यास लागणारे द्रव्य असे मिळत असेल, तर ते शुद्ध आहे असे मी निःशंकपणे म्हणतो.

विकता येत नाही ते यापुढचे. त्या मूर्तीसमोर बाईंच्या मनात काय घडेल, हे आखणाऱ्याच्या हाती नाही. म्हणून शांतीची हमी देणारी जाहिरात खोटी आहे, मग ती कितीही सद्‌भावनेने लिहिलेली असो. आणि जे दुसऱ्याचे आहे तेही विकता येत नाही. मणिकर्णिकेवर जळणारी चिता कोणाच्या तरी आईची असते. तिच्यासमोर नाव उभी करून प्रवाशाला छायाचित्रे घेऊ देणे हा ज्या कार्यक्रमाचा भाग आहे, तो कार्यक्रम अधर्म्य आहे. आळंदी-पंढरीच्या वाटेवर परदेशी माणसाने खुशाल चालावे, वारीला निमंत्रण लागत नाही. पण दिंडीत जागा मिळवून देण्याचा आकार लावणे, किंवा चंद्रभागेच्या वाळवंटात स्नान करणाऱ्या बायका देखावा म्हणून दाखविणे, हे मात्र करू नये. ही मर्यादा कोठे पडते ते इगतपुरीला स्वच्छ दिसते. तेथील धम्मगिरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला शुल्क नाही. आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर ते चालते. प्रवाशाला तेथवर नेणाऱ्याने गाडीचे भाडे घ्यावे, आखणीचे श्रम लावावेत. त्या दहा दिवसांचा एक पैसाही त्याच्या हिशेबात येता कामा नये.

उरली ती दस्तुरी, आणि या धंद्याची खरी कसोटी तीच आहे, असे माझे मत आहे. पैठणीच्या, हिमरूच्या किंवा गालिच्याच्या दुकानी प्रवासी नेला, की विक्रीतील हिस्सा आणणाऱ्याला मिळतो. प्रवाशाला ते ठाऊक नसते, आणि त्याच्या दिवसातील दोन तास त्याच्या नकळत विकले गेलेले असतात. तुलाधाराने ज्याला कपट म्हटले असते, ते हेच. येथे आखणारा प्रवाशाकडून विश्वासाचे पैसे घेतो आणि दुकानदाराकडून त्या विश्वासाचे. उत्पन्न कमी पडत असेल तर आपली फी उघडपणे वाढवावी. सुज्ञ माणूस ती देतो.

म्हणून त्या मुलीला आणि या उद्योगात उतरणाऱ्या प्रत्येकाला माझे कळकळीचे सांगणे आहे, की प्रवाशाला जो पहिला कागद पाठवाल त्यावरच आपली फी आकड्यात लिहा, कोणत्याही दुकानाकडून वा हॉटेलाकडून आपण काही घेत नाही हे त्याखाली लिहून सही करा, आणि प्रत्येक मुक्कामी निदान एक दुपार मोकळी सोडून तिच्यापुढे रकमेच्या रकान्यात शून्य मांडा.