थंड हवेचा हिशेब

माणसाने आयुष्यात निदान एक तरी यांत्रिक काम स्वतः करावे, असे मला दर उन्हाळ्यात वाटते आणि हे वाटणे आमच्या घराला दर उन्हाळ्यात महाग पडते. मी बी.कॉम., बँकेत वीस वर्षे कारकून. यंत्रांपैकी मला स्टेपलर तेवढा नीट चालवता येतो. तरीही एप्रिलात आमच्या सेकंडहँड गाडीचा ए.सी. गरम हवा सोडू लागला, तेव्हा "गॅस संपला असेल, मीच भरतो," असे मी सौ.ला सांगून बसलो.

"अहो, स्वयंपाकाचा सिलिंडर लावायला तुम्ही शेजारच्या काकांना बोलावता!" तिने आठवण करून दिली.

मी ऐकतो थोडाच! ४५० ग्रॅमचा डबा आणि काटा बसवलेली नळी मागवली. चष्मा लावला, हातमोजे घातले. कारण हा द्रव अंगावर उडाला तर कातडी गोठते. इंजिन सुरू, ए.सी. जोरात आणि नळी कमी दाबाच्या तोंडाला. जास्त दाबाच्या तोंडाचा आकार मुद्दाम वेगळा ठेवलेला असतो. माझ्यासारखी माणसे जगात आहेत, हे कारखानदाराला ठाऊक असणार. दहा मिनिटांत गाडीचे महाबळेश्वर झाले. मी सोसायटीत दोन दिवस छाती काढून चाललो.

तीन आठवड्यांनी महाबळेश्वरचे पुन्हा जळगाव झाले.

दुसरा डबा घेऊन खाली उतरलो, तर कोपऱ्यावरच्या गॅरेजचे मेस्त्री समोर. म्हणाले, "साहेब, हा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरतो. कमी झाला म्हणजे कुठंतरी गळतोय. शोधायला तीन हजार लागतील."

डबा सातशेचा. वजाबाकी मला येते.

"आणि गळून जातो कुठं?"

"वर," मेस्त्री म्हणाले.

वर म्हणजे कुठे, ते मी रात्री वाचत बसलो. पूर्वी गाड्यांत आर-१२ नावाचा गॅस असे. असले वायू ओझोन खातात, हे मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ साली मांडले. १९८७ साली माँट्रियलचा करार झाला आणि तो गॅस टप्प्याटप्प्याने गेला. त्याच्या जागी आला आर-१३४ए. हा ओझोनला हात लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे पटींहून भारी. माझा एक डबा म्हणजे जवळजवळ अडीचशे लिटर पेट्रोल जाळल्यासारखे. थंडावा माझा एकट्याचा, ऊब मात्र सगळ्यांना वाटून!

"पण त्यानं कुणाचं काय गेलं?" मी स्वतःला विचारले. एवढ्या मोठ्या आभाळात ४५० ग्रॅम कोण मोजतो?

तेव्हा मला कॅश काउंटरवरचे पहिले दिवस आठवले. एका संध्याकाळी शंभर रुपये कमी भरले. मी गुपचूप खिशातले घातले आणि हिशेब जुळवला. दोन दिवसांनी पुन्हा शंभर कमी. पुन्हा खिसा. तिसऱ्या वेळी हेड कॅशियरनी मनगट धरले. "पैसे तुझे गेले, म्हणून चूक मिटली असं समजू नकोस. शॉर्ट आहे तर शॉर्ट लिही. तू भरत राहशील तोवर चूक कुठाय ते आपल्याला कळणारच नाही." शोध घेतला, तेव्हा कळले की कोऱ्या नोटा एकमेकींना चिकटत होत्या आणि मी नव्याण्णवला शंभर देत होतो.

कोणाचे नुकसान झाले हा प्रश्न खराच. पण त्याआधीचा प्रश्न असा, की मला चूक दिसत असताना मी ती जुळवून झाकतोय का? बँकेत निदान मनगट धरणारा होता. आभाळाला हेड कॅशियर नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी मेस्त्रींकडे दिली. त्यांनी उरलेला गॅस हवेत न सोडता यंत्राने ओढून घेतला, नळ्यांत दाब भरला, सांध्यांना साबणाचे पाणी लावले. एका सांध्यावर बुडबुडे आले. आतली रबरी रिंग चिरली होती. रिंग वीस रुपयांची, बाकी सगळे पैसे ती शोधण्याचे. सौ. काही बोलली नाही. तिने फक्त बिलावर वजन म्हणून तो न उघडलेला दुसरा डबा ठेवला.

पुढे तो डबा मी मेस्त्रींनाच देऊन टाकला. पहिल्या डब्यातले ४५० ग्रॅम मात्र परत आणता येत नाहीत. ते 'शॉर्ट' म्हणून इथे लिहून ठेवतो.