तेल गाळलं म्हणजे दोष गेला?

‘बीडीव्ही 62 केव्ही, तेल उत्तम. बुखोल्झ वाजलेला नाही, सबब ट्रान्सफॉर्मर निर्दोष. तेल फिल्टर करून घ्यावे.’ अहवालातलं हे तुझंच अक्षर ना? तेल उत्तम आहे तर फिल्टर कशाला करायचं रे? निदान स्वतःच्या दोन ओळी तरी एकमेकींशी जुळतात का बघायचं!

बीडीव्ही, म्हणजे ब्रेकडाउन व्होल्टेजच्या चाचणीत अडीच मिलिमीटरच्या फटीत तेल किती व्होल्टेज सोसतं ते कळतं. ओल, कचरा असेल तर आकडा पडतो. आतल्या दोषानं तेल तापून बनलेले, पीपीएममध्ये मोजायचे विरघळलेले वायू तिथे दिसत नाहीत. आणि साचलेल्या वायूवर वाजणाऱ्या बुखोल्झ रिलेच्या भरवशावर तर मुळीच राहू नकोस. 1921 सालची युक्ती, झकास आहे. पण हळू वाढणाऱ्या दोषात वायू बुडबुडे होऊन वर आला तरच तो वाजणार. हळूहळू बनणारा वायू आधी तेलातच विरघळतो. गॅस क्रोमॅटोग्राफ काय शोभेला ठेवलाय?

आता विरघळलेल्या वायूंचा तक्ता बघ. मोबाइल खाली ठेव आधी. एथिलीन जानेवारीत 30 पीपीएम, एप्रिलमध्ये 55, जुलैमध्ये 120. अॅसिटिलीन शून्य, 2, 9. तीन महिन्यांचे आकडे मी हौसेनं दिले होते? तू जुलैचा रकाना तेवढा वाचलास आणि ‘अल्प प्रमाण’ म्हणून मोकळा झालास. वाढ वाचायची असते, वाढ! जुलैचं मिथेन 60. तिघांची बेरीज 189. एथिलीन 63 टक्के, मिथेन 32, अॅसिटिलीन 5. या तीन टक्केवाऱ्यांवरून दोषाचा प्रकार सांगणाऱ्या डुव्हल त्रिकोणात बिंदू मांड. टी-3 विभागात येतो की नाही? म्हणजे आत कुठेतरी तापमान 700 अंशांच्या वर गेलंय, आणि तू खाली ‘निर्दोष’ लिहून सही ठोकतोस.

कार्बन मोनॉक्साइड, डायऑक्साइड तिन्ही वेळा जवळपास तेवढेच आहेत. म्हणजे कागदी इन्सुलेशन जळतंय असं दिसत नाही. संशय उघड्या धातूवर. ढिला जोड, टॅप चेंजरचा खराब कॉन्टॅक्ट, दोन ठिकाणी अर्थ झालेला कोअर. टॅप चेंजरच्या टाकीतलं तेल मुख्य टाकीत झिरपत असेल तरीही अॅसिटिलीन दिसतं, तेही तपासावं लागेल. यातलं एक अक्षर तुझ्या अहवालात नाही.

वर फिल्टरची शिफारस! गरम करून व्हॅक्यूमखाली तेल फिरवलं की वायू निघून जातात, आकडे गोंडस होतात. दोष जागच्या जागी. पंचनाम्याआधी फरशी पुसणारा हवालदार शोभशील तू. पुढची चाचणी करणारा कशाशी तुलना करणार?

नमुन्याबद्दल तर बोलायलाच नको. परवा पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत तेल आणलंस, तेही अर्धी बाटली. हायड्रोजन उडाला, हवा मिसळली. काचेची सिरिंज, तीन मार्गांचा कॉक. व्हॉल्व्हमधलं साचलेलं तेल आधी सोडून द्यायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही, उन्हात ठेवायची नाही. दहा मिनिटांचं काम आहे, पण तुला तेही जड.

अहवाल पुन्हा लिही. लोड कमी करण्याची शिफारस, आठवड्याभरात दुसरा नमुना, वाइंडिंग रेझिस्टन्स आणि कोअर-अर्थ तपासणी, सगळं कारणासकट. उद्या दहा वाजता माझ्या टेबलावर. दोष सापडेपर्यंत फिल्टरचा ‘फ’ही त्यात दिसता कामा नये.