घरातील आग आणि आपल्याकडील अमानत



हजरत अबू मूसा (रजि.) यांच्याकडून सहीह बुखारीत एक घटना आली आहे. मदीनेत एका रात्री एक घर आतील माणसांसह जळाले. प्रेषित मुहम्मद (स.) यांना हे कळले, तेव्हा त्यांनी आगीला माणसाचा शत्रू म्हटले आणि निजण्यापूर्वी ती विझविण्याची ताकीद दिली. तकदीरवर त्यांच्याइतका विश्वास कोणाचा असणार? तरीही 'नशिबात होते' एवढ्यावर त्यांनी विषय संपविला नाही. पुढचे घर वाचविण्याचा मार्ग दाखविला. म्हणून खबरदारी ही तवक्कुलच्या विरोधात नाही. उंट आधी बांधावा, मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण तिरमिजीत आहेच.

आता आपल्या वऱ्हाडातील घरे पाहा. अमरावती-अकोल्यात गॅस आला, तरी खेड्यांत अजून पऱ्हाटी-तुराटीवर चूल पेटते आणि हिवाळ्यात अंगणात बंब तापतो. रमजानमध्ये मगरिबच्या आधी कढईत भजी तळत असतात आणि रांगते मूल आईच्या पायांत घुटमळत असते. ईदच्या सकाळी शीरखुर्म्याचा गंज उतरवून जमिनीवरच ठेवला जातो. लहान मुलाची त्वचा मोठ्यांपेक्षा पातळ असते. ६० अंश सेल्सिअसचे पाणीही तिला काही सेकंदांत खोल भाजते. उकळता चहा तर त्याहून कितीतरी तप्त असतो.

म्हणून गरम भांडे जमिनीवर किंवा ओट्याच्या कडेला ठेवू नये. कढईचा दांडा आतल्या बाजूला वळवावा. मूल कडेवर घेऊन चहा पिऊ नये, तळण करू नये. अंघोळीच्या बादलीत आधी थंड पाणी घालावे, मग गरम.

हे काम एकट्या आईचे नाही. प्रत्येक जण राखणदार आहे आणि प्रत्येकाला जाब द्यावा लागेल, या हदीसमध्ये घरच्या पुरुषाचाही स्पष्ट उल्लेख आहे. चूल उंचावर बांधून देणे, स्वयंपाकघराच्या दाराला आडवी फळी लावणे आणि इफ्तारच्या घाईत मूल स्वतः सांभाळणे, ही त्याची जबाबदारी आहे. अपघातानंतर सुनेला दोष देणे सोपे असते. त्या वेळी आपण कोठे होतो, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

तरीही मूल भाजलेच, तर भाजलेला भाग लगेच नळाच्या थंड वाहत्या पाण्याखाली २० मिनिटे धरावा. उरलेले अंग उबदार ठेवावे. बांगडी, ताईत, कपडे काढावेत. मात्र कातडीला चिकटलेले कापड ओढू नये. बर्फ, हळद, तेल, टूथपेस्ट, शाई यांपैकी काहीही लावू नये आणि फोड फोडू नयेत. स्वच्छ कापडाने झाकून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळचे सरकारी रुग्णालय गाठावे. दुआ अवश्य करावी. पण पाणी ओतत असतानाच करावी.

सूरह तहरीममध्ये स्वतःला व कुटुंबीयांना आगीपासून वाचविण्याचा आदेश आहे. तेथील आग आखिरतची आहे. परंतु त्या आगीपासून मुलाला वाचवू इच्छिणारे आई-बाप चुलीच्या आगीबाबत बेफिकीर कसे राहतील? मूल ही अल्लाहची अमानत आहे. ती सांभाळण्याची समज तो आपणा सर्वांना देवो. आमीन.