कंपवातातली विजेची मात्रा

बटण दाबताच थरथरणारा हात स्थिर होतो, अशा चित्रफिती सध्या मोबाइलवर फिरतात आणि खाली ओळ असते, ‘मेंदूत चिप, कंपवात बरा’. चित्रफीत खरी असते, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र रुग्णाला फसवणारा आहे. मेंदूत खोलवर इलेक्ट्रोडने वीज देणाऱ्या डीप ब्रेन स्टिम्युलेशनने, म्हणजे डीबीएसने, पार्किन्सन्स म्हणजेच कंपवात बरा होत नाही. तो पुढे सरकायचा थांबतो असंही सिद्ध झालेलं नाही. औषधासारखी या विजेचीही मात्रा असते. ती माणसागणिक ठरवावी लागते आणि आजार वाढेल तशी बदलावी लागते.

या आजारावरचा जेम्स पार्किन्सनचा 1817चा निबंध आणि साठच्या दशकातलं लेव्होडोपा हे औषध यांची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. गैरसमज आहे तो 1987बद्दल. फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या अलीम-लुई बेनाबिद यांनी त्या वर्षी विजेने कंप थांबतो हे शोधलं, असं सर्रास लिहिलं जातं. पण मेंदूतल्या थॅलॅमस या भागातला बिंदू जाळून कंप घालवण्याची शस्त्रक्रिया तेव्हा जुनी झाली होती. जाळण्याआधी जागा अचूक आहे ना, हे पाहायला शल्यविशारद जाग्या रुग्णाच्या मेंदूत इलेक्ट्रोड घालून वीज देऊन बघत. सेकंदाला शंभरच्या आसपास स्पंदनं दिली की कंप ओसरे. बेनाबिद यांनी चाचणीचा हा प्रवाहच उपचार म्हणून चालू ठेवला. जाळलेला भाग परत मिळत नाही, आणि दोन्ही बाजूंना जाळलं तर वाचेवर परिणाम होण्याचा धोका मोठा; वीज मात्र कमी करता येते, बंदही करता येते. बंद केल्यावर कंप परत येतो ही या पद्धतीची उणीव मानली जाते. माझ्या मते तेच तिचं सर्वांत मोठं बळ आहे, आणि ते पुढच्या घडामोडींत दिसतं. 1990 मध्ये महलॉन डीलाँग यांच्या गटाने दाखवलं, की एमपीटीपी या विषाने पार्किन्सन्ससारखी अवस्था झालेल्या माकडांचा सबथॅलॅमिक न्यूक्लियस हा मेंदूतला भाग निकामी केला की त्यांच्या हालचाली सुधारतात. माणसात तिथे जाळणं धोक्याचं, कारण त्या जागी इजा झाली तर हातपाय अनावर फेकले जाऊ शकतात. मागे घेता येणारी वीज हाती होती, म्हणूनच 1993 मध्ये ग्रनोबलला तिथे इलेक्ट्रोड बसवण्याचं धाडस झालं आणि कंपाबरोबर ताठरपणा व मंदपणाही आटोक्यात येऊ लागला.

कुणी म्हणेल, कंप तर डोळ्यांदेखत थांबतो, मग मात्रा ठरवायला वेळ कशाला? थांबतो खरा, पण चालण्यातला बदल दिसायला कधी तास, कधी दिवस लागतात. प्रवाह जास्त झाला तर जीभ जड होते, स्नायू ओढले जातात. म्हणून शस्त्रक्रियेनंतर कित्येक महिने प्रवाहाची मात्रा जुळवण्याचं काम, म्हणजे प्रोग्रॅमिंग, चालतं आणि गोळ्या बेताबेताने कमी केल्या जातात. तोल जाणं, विस्मरण अशा ज्या तक्रारींना लेव्होडोपाने उतार पडत नाही, त्यांना विजेनेही सहसा पडत नाही. हे घरच्यांना शस्त्रक्रियेआधीच स्पष्ट सांगायला हवं. मेंदूतल्या लहरी मोजून प्रवाह आपोआप कमीजास्त करणाऱ्या यंत्राला 2025 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, तेव्हा आता डॉक्टरांकडे खेटे कशाला, असाही प्रश्न येईल. पण ते यंत्र किती खाली उतरेल आणि किती वर चढेल, या मर्यादा त्या रुग्णाला तपासून डॉक्टरच घालून देतात.