शोध आणि वाचन

इ. स. १५८४ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. जवळजवळ ३०० वर्षे हातोहात उतरलेल्या ग्रंथातला अपपाठ ओळखायचा, तर सुमारे ९,००० ओव्यांची लय कानात मुरलेली असावी लागते. आज आंतरजालावर एका शब्दाच्या आधारे हवी ती ओवी क्षणात पुढ्यात येते. ही सोय क्षुद्र नव्हे. अभ्यासकाचे कष्ट तिने खरोखरच वाचवले. परंतु मागचीपुढची ओवी वाचण्याची गरजही तिने संपवली, आणि ज्ञानदेवांचा दृष्टान्त तर ओवीमागून ओवी उलगडत जातो. लेखनाने स्मृती दुबळी होईल, ही प्लेटोच्या 'फीड्रस'मधली भीती जुनीच (ती लेखनामुळेच टिकली, हा भाग वेगळा). मात्र सापडलेल्या ओवीतच अपपाठ असेल, तर तो खटकावा असा कान अशा वाचकाला कोठून लाभणार?